लहान घरगुती सागरी मत्स्यालय : सहवासी जीवांची निवड

खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत एकमेकांना न खाता, न छळता आणि उपाशी न राहता वर्षानुवर्षे एकत्र जगू शकतील असे मासे व अपृष्ठवंशी प्राणी निवडणे, याला सागरी मत्स्यालयाच्या छंदात पाणी व यंत्रसामग्री यांच्याइतकेच महत्त्व आहे. प्रस्तुत नोंदीत गोव्यातील घरात ठेवायच्या साधारण १०० ते २०० लिटरच्या टाकीचा विचार केला आहे. सदनिकेच्या दिवाणखान्यात सहज मावणारी ९० सेंमी. लांब, ४५ सेंमी. रुंद व ४५ सेंमी. उंच टाकी काठोकाठ भरली तर १८२ लिटर पाणी घेते. वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात १५० लिटरच्या आसपास पाणी उरते आणि जीवांची संख्या या दुसऱ्या आकड्यावरून ठरवावी लागते. एवढ्या पाण्यात पाच-सहा लहान मासे ही मर्यादा समजावी. गोड्या पाण्यातील मासे पाळणाऱ्यांना ती कंजुषी वाटते. परंतु खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्याचा सामू ८.१ ते ८.४ इतका असल्यामुळे माशांनी टाकलेल्या अमोनियाचा गोड्या पाण्याच्या मानाने अधिक भाग विषारी रूपात राहतो.

गोव्यात समुद्र दाराशीच असल्याने पाणी आणि प्राणी दोन्ही फुकट मिळतील, असा समज सहज होतो. तो बहुतांशी फसवा आहे. प्रवाळभिंतींच्या परिसरातील जीवांना दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले स्थिर पाणी लागते, तर पावसाळ्यात मांडवी व जुवारी या नद्या इतके गोडे पाणी ओततात की त्यांच्या मुखांजवळची क्षारता पार खाली येते. मासा कल्ल्यांवाटे जादा क्षार बाहेर टाकून शरीरातील द्रवाचा समतोल स्वतः राखतो. तारामासे व बहुतेक सागरी गोगलगायी यांना ते जमत नाही आणि बाहेरची क्षारता बदलली की ती थेट त्यांच्या शरीरात उतरते. त्यामुळे मांडवीच्या मुखाजवळच्या मिरामार किनाऱ्यावरून जुलैत भरून आणलेल्या पाण्यात एखादा मासा कसाबसा तग धरील, पण तारामासा हमखास मरेल. यावर उपाय म्हणजे आरओ यंत्राच्या पाण्यात तयार सागरी मीठ मिसळून विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास ठेवणे. स्वयंपाकाच्या मिठाने हे काम होत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी क्षार योग्य प्रमाणात नसतात. हणजुणे किंवा वागातोर येथील खडकांवरच्या डबक्यांत दिसणारे खेकडे व शंख हे ओहोटीत तापणाऱ्या आणि पावसात खारटपणा कमी होणाऱ्या पाण्याला सरावलेले असतात, म्हणून ते टाकीत जगतातही. मात्र त्यांतला कोणता शेवाळ खातो आणि कोणता शेजाऱ्याला, हे ओळखता आल्याशिवाय त्यांना घरी आणू नये.

दुसरी स्थानिक अडचण उष्म्याची आहे. प्रवाळ परिसरातील बहुतेक जीवांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते, तर एप्रिल-मे महिन्यांत घरातील हवाच ३२ अंशांच्या वर जाते. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी थंड होते, पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत हा उपाय अर्धवटच चालतो, आणि उडून गेलेल्या पाण्याची भर साध्या पाण्याने न घातल्यास क्षारता वाढत जाते. शीतकयंत्र घेणे परवडत नसेल तर निवड आणखी मोजकी ठेवावी. कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो; पावसाळ्यात झाड पडून वीज गेली की दाटीच्या टाकीत आधी मोठे मासे गुदमरतात, म्हणून बॅटरीवरचा हवापंप घरात असावा.

माशांच्या बाबतीत नवख्याची सुरुवात बहुधा क्लाऊनफिशपासून होते आणि ती योग्यही आहे. ऑसेलारिस जातीचा हा मासा सहसा ८ सेंमी.च्या आसपास वाढतो, तयार खाद्य खातो आणि टाकीच्या एका कोपऱ्यात समाधानी राहतो. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने भारतात क्लाऊनफिशच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा असा बंदिस्त जागेत जन्मलेला मासा घेणे केव्हाही श्रेयस्कर. सर्व क्लाऊनफिश नर म्हणून वाढू लागतात आणि गटातील सर्वांत मोठा मासा मादी बनतो. म्हणून लहान-मोठ्या आकाराची दोन पिले एकाच वेळी सोडली की जोडी आपोआप जमते. नंतर आणलेल्या तिसऱ्याला मात्र ती जोडी जगू देत नाही. क्लाऊनफिशला समुद्रफूल (सी ॲनिमोन हा फुलासारखा दिसणारा प्राणी) लागतेच, हा गैरसमज आहे. समुद्रफुलाला तीव्र प्रकाश आणि कित्येक महिने मुरलेली टाकी लागते. ते जागा बदलत पंपात अडकते, मेल्यावर सगळे पाणी नासवते आणि जिवंतपणी संथ माशांना खाते. लहान टाकीत त्याची गरज नाही.

वैर मुख्यतः सारख्यांत असते. समान रंग, समान देहाकृती आणि समान आहार असलेले दोन मासे एकमेकांना प्रतिस्पर्धी मानतात, म्हणून टाकीचे वेगवेगळे थर वापरणारे मासे निवडावेत. मधल्या पाण्यासाठी बांगाई कार्डिनलफिशची जोडी किंवा फायरफिश चालतो. फायरफिश बिथरल्यावर उडी मारतो, त्यामुळे टाकीवर जाळी हवी. दगडांवरच्या शेवाळासाठी एखादा ब्लेनी आणि वाळूसाठी पिवळा वॉचमन गोबी घ्यावा. गोबीबरोबर पिस्तूल कोळंबी ठेवली तर निसर्गातील एक जुनी भागीदारी घरात पाहता येते: दृष्टी अधू असलेली कोळंबी बीळ खणत राहते, तिची मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते, आणि धोका दिसताच गोबी शेपटी हलवून तिला सावध करतो. केवळ या दोघांसाठी टाकी मांडली तरी ती वाया गेली असे म्हणता येणार नाही.

डॅमसेल मासे स्वस्त आणि चिवट असल्यामुळे विक्रेते ते पहिल्यांदा सुचवतात, पण मोठे झालेले डॅमसेल पुढच्या प्रत्येक पाहुण्यावर तुटून पडतात. निळा टँग ३० सेंमी.पर्यंत वाढतो, त्याला ही टाकी कधीच पुरत नाही. लायनफिश तोंडात मावेल ते गिळतो, हॉकफिश कोळंबी टिपतो, ट्रिगरफिश आणि पफर शंख दातांनी फोडतात. मँडरिन मासा मात्र कोणाच्याही वाटेला जात नाही. तो जवळजवळ पूर्णपणे जिवंत सूक्ष्म कवचधारींवर जगतो आणि लहान टाकीत ते संपले की हळूहळू खंगतो.

अपृष्ठवंशी प्राण्यांत क्लीनर कोळंबी, पेपरमिंट कोळंबी, ट्रोकस व नॅसारियस शंख आणि लहान हर्मिट क्रॅब म्हणजेच शंखात राहणारे खेकडे निरुपद्रवी ठरतात. या खेकड्यांना रिकामे शंख जादा ठेवावेत, नाहीतर ते जिवंत शंखांवर हात मारतात. बॉक्सिंग कोळंबी एकटी किंवा जमलेली जोडीच ठेवावी. या सर्वांना तांबे घातक असते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबेयुक्त औषध चालते, पण ते मुख्य टाकीत टाकले की कोळंब्या व शंख मरतात, आणि दगड-वाळूत मुरलेले तांबे नंतरही पाण्यात उतरत राहते. म्हणून नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून तेथेच उपचार करावेत.

कायद्याची बाजू दुर्लक्षिता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समुद्रघोडे, भित्तिका बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रकाकड्या यांचा समावेश करण्यात आला. गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या ग्रांडे बेटाजवळ पाण्याखाली दिसणारा प्रवाळाचा तुकडा घरी आणणे हा त्यामुळे गुन्हा ठरतो. आडोशासाठी भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड वापरावेत. नायट्रोजनचक्र चालवणारे, म्हणजे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू त्यांवरही वाढतात.

टाकी भरल्यावर हे जिवाणू पुरेसे वाढून अमोनिया व नायट्राइट शून्यावर येण्यास साधारण चार ते सहा आठवडे जातात. त्यानंतर आधी शंख व खेकडे, मग कोळंबी, मग बुजरे मासे आणि शेवटी हद्द राखणारी क्लाऊनफिशची जोडी, असा क्रम ठेवावा आणि दोन भरणींत दोन-तीन आठवड्यांचे अंतर असावे. अपृष्ठवंशी प्राण्यांना टाकीच्या पाण्याची ओळख तासभर थेंबाथेंबाने करून द्यावी. खाद्याचा प्रश्न गोव्यात सोपा आहे: मासळीबाजारातील ताजी सुंगटे (कोळंबी) किंवा तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) मांस धुऊन, बारीक चिरून, गोठवून ठेवले की बहुतेक मासे ते आवडीने खातात.

न पटणारा मासा समुद्रात सोडून देण्याची प्रथा घातक आहे. हिंद-प्रशांत महासागरांतील लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रथम आढळला. मत्स्यालयांतून सुटलेल्या माशांमुळेच तो तेथे पोहोचला असे मानले जाते, आणि पुढे तो कॅरिबियन समुद्रभर पसरून स्थानिक माशांच्या पिलांचा फडशा पाडू लागला. नको झालेला मासा विक्रेता परत घेईल का, हे खरेदीपूर्वीच विचारून ठेवावे.