८०जी दाखवलं, हिशेब कुठाय?

डिसेंबर उजाडला की आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पावतीपुस्तक घेऊन कुणी ना कुणी उभं राहतं. ७ डिसेंबर हा ध्वजदिन १९४९पासून पाळला जातो, त्यामुळे ‘माजी सैनिकांसाठी’ म्हटलं की हात आपोआप खिशाकडे जातो. गेल्या वर्षी आलेल्या गृहस्थांना मी विचारलं, “संस्थेचे हिशेब बघायला मिळतील का?” त्यांनी फाइल उघडून एक लॅमिनेट केलेला कागद पुढे केला. ८०जीचं, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारं, प्रमाणपत्र. पाठोपाठ शाल पांघरलेल्या एका निवृत्त ब्रिगेडियरांचा फोटो. शेजारचे काका म्हणाले, “अहो, ८०जी आहे म्हणजे सरकारनं तपासलेली संस्था. द्या की!”

ट्रस्टांची जमाखर्चाची पुस्तकं लिहिण्यात माझी बावीस वर्षं गेली. हे वाक्य ऐकलं नाही असं त्यातलं एकही वर्ष नाही. आणि ते म्हणणारी माणसं किराण्याचं बिल दोनदा ताडून बघणारी असतात, याचं मला जास्त वैषम्य वाटतं.

८०जी तुम्हाला पाठ असणार. मार्च आला की सगळेच त्यातले तज्ज्ञ होतात. सर्वसाधारण ट्रस्टला दिलेल्या रकमेच्या ५० टक्क्यांची वजावट, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर काही नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर विषयच मिटला. म्हणजे सगळा मामला तुमच्या कराचा आहे. संस्थेचे उद्देश धर्मादाय आहेत ना, कागदपत्रं जागेवर आहेत ना, एवढं आयकर खातं बघतं. २०२१पासूनच्या पद्धतीत नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती मान्यता मिळते. तेव्हा काम धड सुरूही झालेलं नसतं, मग तपासणार काय? लायसन्स आहे म्हणून कुणाच्याही गाडीत आपण डोळे मिटून बसत नाही.

हिशेब हा दुसराच कागद. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचा १९५०चा कायदा आहे. त्याखाली दरवर्षी लेखापरीक्षण होतं आणि अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. ताळेबंद शेड्यूल आठमध्ये, उत्पन्न-खर्च शेड्यूल नऊमध्ये. एकच कागद मागायची मुभा असेल तर मी शेड्यूल नऊ मागेन. गुळगुळीत कागदावरचा वार्षिक अहवाल नको, त्यात फक्त हार घातलेले फोटो असतात.

शेड्यूल नऊची खर्चाची बाजू वरून खाली वाचत या. मालमत्तेवरचा खर्च, आस्थापना खर्च (म्हणजे पगार आणि कार्यालय), विश्वस्तांचं मानधन, कायदेशीर खर्च, ऑडिट फी, किरकोळ, घसारा, आणि तळाशी ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’. त्याखाली पाच पोटशीर्षं: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत, इतर धर्मादाय उद्दिष्टे. हिशेब मागण्याइतकी चिकाटी असलेली माणसंसुद्धा इथे फसतात. आस्थापना किती, उद्दिष्टं किती, याची टक्केवारी काढतात आणि नव्वद टक्के उद्दिष्टांवर दिसले की खूश होतात. पण उद्दिष्टांवर खर्च पडला म्हणजे सैनिकाच्या घरात काही पोचलं, असं मुळीच नाही.

एका संस्थेच्या पुस्तकात ‘इतर धर्मादाय उद्दिष्टे’ या नावाखाली मला काय सापडलं सांगतो: मंडप, स्टेज, ध्वनिक्षेपक, फ्लेक्स, शाली, नारळ, स्मृतिचिन्हं आणि पाहुण्यांचं जेवण. कार्यक्रम होता वीरपत्नींच्या सत्काराचा. व्हाउचर चोख, ऑडिटरची सही जागच्या जागी. कार्यक्रम खरंच झाला होता, त्यामुळे खोटं एक अक्षर नव्हतं. वीरपत्नींच्या पदरात पडली एक शाल आणि एक नारळ. परतीचं एसटीचं तिकीट त्यांनी आपलं आपण काढलं. टक्केवारी मात्र झकास!

हा प्रकार फक्त आपल्याकडेच चालतो असं नाही. अमेरिकेत जखमी सैनिकांसाठी काम करणाऱ्या ‘वुंडेड वॉरियर प्रोजेक्ट’ या बड्या संस्थेवरून २०१६च्या जानेवारीत सीबीएस आणि न्यूयॉर्क टाइम्सनं गदारोळ उठवला. संस्था म्हणत होती, ८० टक्के पैसा सैनिकांच्या कार्यक्रमांवर जातो. संस्थांना गुण देणाऱ्या ‘चॅरिटी नेव्हिगेटर’चा आकडा होता ६० टक्के. मधल्या वीस टक्क्यांचं गुपित असं, की देणगी मागणाऱ्या पत्रांत आणि जाहिरातींत सैनिकांच्या प्रश्नांची माहितीही असते, म्हणून त्यांच्या खर्चाचा एक भाग संस्था ‘जनजागृती’त, म्हणजे कार्यक्रमांत, मोजत होती. तिथल्या हिशेबाच्या नियमांत हे बसतं. मार्चमध्ये संचालक मंडळानं दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांना घरी पाठवलं. त्याच वेळी बातम्यांतले काही आरोप चुकीचे असल्याचंही सांगितलं. आकडे दोन, पुस्तकं एकच. फरक होता तो कुठला खर्च कुठल्या कप्प्यात टाकला, यात. तिथे संस्थांचा फॉर्म ९९० कुणालाही बघता येतो, म्हणून निदान भांडण तरी आकड्यांवर झालं.

आता याची उलटी बाजू. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४पासून. मणक्याला इजा होऊन पाय, कधी हातपायही, निकामी झालेले सैनिक तिथे राहतात. अशा माणसाला अंथरुणात दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, कमरेला जखमा होतात. रात्री अडीच वाजता ती कूस बदलणारा परिचारक पगारावर असतो. अशा कामाचा पगार कारकुनानं आस्थापना खर्चात टाकला, तर टक्केवारीवाला म्हणणार, “बापरे, पगारावरच एवढा पैसा उडवतात!” अहो, तो पगार हीच तर मदत.

म्हणून ‘आमच्याकडे प्रशासकीय खर्च शून्य, पै न् पै जवानांना’ असं छापणाऱ्या संस्थेला मी सहसा काही देत नाही. पावत्या कुणीतरी लिहितं, अर्ज कुणीतरी तपासतं, अर्जदार खरंच माजी सैनिक आहे का हे डिस्चार्ज बुक बघून कुणीतरी ठरवतं. त्या माणसाला कोण पैसे देतं हे कळत नसेल, तर हिशेबाबाहेर काहीतरी चाललंय. त्यापेक्षा एक कारकून धड पगारावर ठेवून ‘या वर्षी इतक्या मुलांची फी भरली, इतक्या जणांना कृत्रिम पाय बसवले’ असं सांगणारी संस्था बरी. मी पैशांबरोबर नेहमी माणसांचा आकडा विचारतो. तो पटकन सांगता येत नाही, तिथे बहुतेक वेळा मंडपाचंच बिल असतं.

ऑडिटरच्या अहवालात ठरलेल्या प्रश्नांची एक यादीही असते. ती कंटाळवाणी दिसते म्हणून लोक उलटून टाकतात. त्यातला एक प्रश्न हमखास वाचा: कुणी विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे का, म्हणजे तो न्यासाला पैसे देणं लागतो का किंवा न्यास त्याला? उत्तर ‘होय’ असेल तर बाकीचे कागद निवांत, चष्मा पुसून वाचा.

सरकारी निधींचा गोंधळ दोन ओळींत उरकतो. ध्वजदिन निधी तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरता येतो. ‘भारत के वीर’ हा गृह मंत्रालयाचा, सीआरपीएफ-बीएसएफसारख्या दलांसाठी. लष्कर, नौदल, वायुदलाच्या जवानांसाठीचा निधी संरक्षण मंत्रालयाचा, आणि तोसुद्धा त्यांच्या कुटुंबीयांसाठी. ‘रोज एक रुपया द्या, शस्त्रं घेऊ’ हा फिरता मेसेज दिशाभूल करणारा आहे, असं सरकारनं अनेकदा सांगून झालंय. कृपा करून पुढे पाठवू नका.

आणि पावती हातात आली की ‘कायम निधीसाठी’ असं आधीच छापलेलं नाही ना, ते बघा. कायम निधीत गेलेली रक्कम उत्पन्नात येत नाही, थेट ताळेबंदात जाऊन बसते. मुद्दल ठेवीत राहतं, व्याज तेवढं वापरलं जातं. तसं हवं असेल तर खुशाल द्या, पण ती इच्छा देणाऱ्याची असायला हवी, छापखान्याची नव्हे. मी ते शब्द खोडून वर ‘या वर्षीच्या वैद्यकीय मदतीसाठी’ असं लिहून घेतो. पावती फाडणारा क्षणभर माझ्याकडे बघत राहतो, मग खाली कार्बन नीट बसलाय ना ते चाचपतो आणि लिहून देतो.