मोबाइल प्रारण व आरोग्य

मोबाइल फोन आणि मनोरा (टॉवर) यांच्यात संदेश वाहणाऱ्या रेडिओ तरंगांची ऊर्जा. वर्तमानपत्रांत तिला सर्रास ‘किरणोत्सर्ग’ म्हणतात. ही संज्ञा वस्तुतः युरेनियमसारख्या मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रातून होणाऱ्या उत्सर्जनाची. वाईच्या विश्वकोश परंपरेतला ‘प्रारण’ हा शब्द अधिक नेमका. लोकांच्या धास्तीचा काही भाग या गल्लतीतूनच आला असावा.

या तरंगांची कंप्रता (दर सेकंदाला होणारी कंपने) दृश्य प्रकाशाच्या एक लाखांशाहूनही कमी असते. क्ष-किरणांप्रमाणे रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांत नसते. निर्विवाद परिणाम एकच : ऊतक (शरीरातील पेशींचा थर) किंचित तापणे. त्याचे माप म्हणजे विशिष्ट शोषण दर (इंग्रजी संक्षेप SAR, ‘सार’). भारतात त्याची मर्यादा १ ग्रॅम ऊतकामागे सरासरी १.६ वॅट प्रतिकिलोग्रॅम आहे. बहुतेक फोनवर *#०७# दाबल्यास त्या हँडसेटचे मूल्य दिसते.

कर्करोगाचा वाद मुख्यतः ‘इंटरफोन’ या १३ देशांतील पाहणीपासून (२०१०) पेटला. एकूण वापरकर्त्यांत मेंदूच्या गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. मात्र आयुष्यात १,६४० तासांहून अधिक बोललेल्यांत ग्लायोमाचा (मेंदूतील एका प्रकारच्या गाठीचा) धोका सुमारे ४० टक्के जास्त दिसला. याच पाहणीत नियमित वापरकर्त्यांचा धोका न वापरणाऱ्यांपेक्षा कमी भरला, म्हणजे फोन संरक्षण देतो असेही म्हणावे लागेल! सगळी भिस्त रुग्णांच्या आठवणीवर होती, आणि काहींनी सांगितलेले रोजचे तास संशोधकांनाच अविश्वसनीय वाटले. तरीही २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे प्रारण ‘कदाचित कर्करोगकारक’ (२ ब) गटात घातले. आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही याच गटात आहेत. अमेरिकेतील प्रयोगात (२०१८) नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या, पण त्यांना दिवसाला सुमारे नऊ तास, सर्वांगावर मारा होता. शिवाय ते मारा नसलेल्या उंदरांपेक्षा जास्त जगले. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या ६३ अभ्यासांच्या आढाव्यात (२०२४) मेंदूच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही. हा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो.

मनोरा लांब असला की बरे, हा समज मात्र उलटा आहे. रेंज कमी असेल तिथे फोन स्वतःची शक्ती वाढवतो. चांगल्या रेंजमध्ये ती शेकडो पटींनी उतरते. त्यामुळे कोयनेच्या खोऱ्यात, बामणोली-तापोळ्याकडे एक दांडी पकडून बोलणाऱ्याच्या कानाशी साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या माणसापेक्षा जास्त प्रारण असते. अर्थात तेही मर्यादेच्या आतच.

वाहन चालवताना हातात फोन धरणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालन ठरते. इथला धोका प्रारणाचा नव्हे, लक्ष विचलित होण्याचा.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव (ता. कडेगाव) येथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरी मोबाइल व टीव्ही बंद होतात. करोनाकाळात ऑनलाइन शाळेने मुलांच्या हाती आलेला फोन सुटेना, हे त्यामागचे कारण. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो.