मीटर म्हणतो भरलेली, सेल्फ म्हणतो टक्

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे पंचगंगेकाठच्या पोरासोरांनाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुराची रेघ आमच्या गावात अजून भिंतींवर दिसते. म्हणून मे संपत आला की गावाची फायबरची बोट ताडपत्रीतून बाहेर काढायची, असा आमचा रिवाज.

यंदा काढली. रात्रभर चार्जिंगला लावलेली बॅटरी जोडली, मल्टिमीटर लावला. १२.६३ व्होल्ट. भरलेल्या बॅटरीचा आकडा. इंजिनाचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवला आणि सेल्फ मारला. टक्. परत मारला. परत टक्.

शिवाजी उद्यमनगरात बॅटरीचं काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याला बोलावलं. आल्या आल्या त्यानं आधी एकाच्या हातातली विडी बाहेर टाकायला लावली. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगीला निमित्तच लागतं. मग मीटरकडं बघून म्हणाला, "सर, ह्यो आकडा वरवरचा हाय."

खरं होतं. चार्जर काढल्यावर प्लेटांच्या पृष्ठभागावर काही काळ जादा चार्ज रेंगाळतो आणि व्होल्टेज फुगवून दाखवतो. तो उतरवायला त्यानं मोटरसायकलचा हेडलाइट चार-पाच मिनिटं जोडून ठेवला, जरा थांबला आणि पुन्हा मोजलं. १२.४७. म्हणजे अजूनही वाईट नाही. पण मल्टिमीटर बॅटरीकडून जेमतेम एक मायक्रोअँपिअर घेतो, आणि इंजिन फिरवायला लागतात शंभराच्या आसपास अँपिअर. मीटरला दिलेल्या उत्तरावरून बॅटरीच्या ताकदीचा अंदाज कसा यावा?

"तू सेल्फ मारायला सांग, मी मीटर धरतो," मी म्हटलं. आकडा घसरून ७.९ वर आला. धडधाकट बॅटरी अशा वेळी साधारण ९.६ च्या खाली जात नाही. तरी त्यानं लगेच निकाल दिला नाही. मीटरची एक पिन शिशाच्या खुंटावर, दुसरी त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर टेकवून पुन्हा सेल्फ मारायला लावला. तिथं अर्धा व्होल्ट दिसला असता तर दोष क्लॅम्पवरच्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारख्या थराचा. चांगल्या बॅटऱ्या या थरापायी भंगारात जातात. आमच्याकडं फक्त ०.०५ आला. क्लॅम्प निर्दोष.

मग हायड्रोमीटर निघाला. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा काटा. सहा बुचं काढून एकेका सेलमधलं, म्हणजे बॅटरीच्या एकेका कप्प्यातलं, ॲसिड ओढलं. पाच सेलांत घनता १.२६०, चौथ्यात १.१३०. सेलचं व्होल्टेज काढायची ढोबळ रीत अशी, की घनतेत ०.८४ मिळवायचे. पाच सेल २.१० चे, म्हणजे १०.५, चौथा १.९७ चा. बेरीज १२.४७! मीटरनं खोटं सांगितलंच नव्हतं. पाच हुशार पोरांच्या गुणांत एक नापास पोरगं झाकलं गेलं होतं, इतकंच. पण सेल एकामागे एक जोडलेले असतात, सगळ्यांतून तोच प्रवाह जातो. जोर लागला की चौथा बसतो, आणि बाकीच्यांची ताकद त्याच्यातच खर्ची पडते.

तो असा का झाला? बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक कण धरतात आणि चार्ज केलं की विरघळतात. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांतेनं १८५९ मध्ये ही शिसं-ॲसिडची बॅटरी बनवली तेव्हापासून हेच चाललंय. अर्धवट उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच पडली, की हे बारीक कण जिरून मोठे स्फटिक वाढतात. काकवीची बरणी हलवलीच नाही की तळाशी खडे धरतात, तसे. मग चार्जर कितीही वेळ लावा, ते खडे दाद देत नाहीत. उन्हाळ्यात तर पडल्या पडल्या बॅटरी आणखी लवकर उतरते.

त्यात आमची एक घोडचूक. मागच्या पावसाळ्यात रात्रभर सर्चलाइट याच बॅटरीवर जळत होता. सेल्फच्या बॅटरीतल्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ. क्षणभर मोठा प्रवाह द्यायचा आणि लगेच परत भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तासन्‌तास दिवा जाळायला जाड प्लेटांची वेगळी बॅटरी लागते. हे मी वर्गात शिकवलेलं आहे, म्हणून जास्तच लागलं.

जुनी बॅटरी मोडीत वजनावर गेली, शिशाचे पैसे नवीतून वळते झाले. आता बोट उभी असताना निगेटिव्हची वायर सोडून ठेवतो, महिन्यातून एकदा चार्ज करतो आणि सेल्फ मारतानाचा आकडा शेडच्या दारावर खडूनं लिहितो. पहिला आकडा १०.८ आहे.