पार्श्वभूमी : चेक लीगचा २०२०–२१चा हंगाम १८ संघांचा का झाला?

चेक फुटबॉल लीगचा २०२०–२१चा हंगाम बहुतेकांच्या लक्षात आहे तो स्लाविया प्राग या संघामुळे. ३४ सामने, २६ विजय, ८ बरोबरी, हार एकही नाही, ८६ गुण. पण त्या वर्षीचा गुणतक्ता खालपर्यंत वाचला तर संघ १८ भरतात, आणि १९९३पासून चेक लीगमध्ये संघ कायम १६च होते. हे दोन जादा संघ कुठून आले, हे कळल्याशिवाय तो हंगाम नीट समजत नाही.

जुना इतिहास थोडक्यात. चेकोस्लोव्हाकियाची शेवटची संयुक्त लीग १९९२–९३मध्ये झाली. तिच्यातले १० चेक संघ नव्या लीगमध्ये आले आणि खालून ६ संघ वर घेऊन १६चा आकडा पुरा केला. त्या सहांत लिबेरेट्स आणि प्लझेन होते. दोघंही पुढे विजेते झाले. त्यानंतरची २५ वर्षं पद्धत साधी होती : प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, ३० फेऱ्या, तळाचे दोन संघ खालच्या श्रेणीत.

२०१८–१९मध्ये ही घडी मोडली आणि चेक फुटबॉलमध्ये ‘नाद्स्तावबा’ हा शब्द रुळला. त्याचा सरळ अर्थ, उभ्या घरावर चढवलेला मजला. ३० फेऱ्या झाल्या की लीगचे तीन तुकडे करायचे. वरचे सहा विजेतेपदासाठी आणि खालचे सहा टिकून राहण्यासाठी आपापल्या गटात आणखी पाच-पाच सामने खेळणार. मधले चार युरोपातल्या क्लब स्पर्धेच्या एका संधीसाठी बाद फेरी खेळणार. आधीचे गुण जसेच्या तसे पुढे येतात, म्हणून नाद्स्तावबा म्हणजे नवी स्पर्धा नव्हे. पण प्रत्येकाशी एकदाच खेळायचं असल्याने गटातल्या अर्ध्या संघांना घरच्या मैदानावर तीन सामने मिळतात आणि उरलेल्यांना दोनच. खाली जाण्याचा नियमही बदलला. शेवटचा संघ थेट खाली, आणि १४व्या-१५व्या संघाने दुसऱ्या श्रेणीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या संघाशी ‘बाराझ’ म्हणजे टिकून राहण्याची लढत खेळायची. २०१९मध्ये याच बाराझमध्ये बर्नोचा संघ प्रिब्रामकडून हरला होता. हे पुढे लागणार आहे.

मग २०२० उजाडलं. १२ मार्चला कोरोनामुळे लीग थांबली तेव्हा २४ फेऱ्या झाल्या होत्या. २३ मे रोजी टेप्लिट्से–लिबेरेट्स या राहून गेलेल्या सामन्याने खेळ पुन्हा सुरू झाला आणि जूनमध्ये ३० फेऱ्या पुऱ्या झाल्या. वरचा गट व्यवस्थित खेळून झाला, स्लावियाने सलग दुसरं विजेतेपद घेतलं. अडलं ते खालच्या गटात. आधी कार्विनाच्या संघात कोरोनाची लागण निघाली आणि अख्खा संघ विलगीकरणात गेला. सामने पुढे ढकलून कसेबसे बसवले, तर जुलैत ओपावाच्या संघात तेच झालं. उरलेले सामने बसवायला दिवसच शिल्लक राहिले नाहीत. लीग चालवणाऱ्यांनी खालचा गट अर्ध्यावर थांबवला. कोणीही खाली जाणार नाही, बाराझ होणार नाही, दुसऱ्या श्रेणीतले पहिले दोन, पार्दुबिट्से आणि बर्नो, थेट वर येतील, असं ठरलं. १६ अधिक २, झाले १८.

या निर्णयावर वाद होऊ शकतो, आणि तो व्हायलाच हवा. खेळाडू आजारी असताना सामने रेटायचे नव्हते, हे उघड आहे. अपुऱ्या तक्त्यावरून कुणाला खाली ढकलणंही अन्यायाचंच झालं असतं. पण या दयेची किंमत दोघांनी मोजली. पहिला, दुसऱ्या श्रेणीतला तिसरा संघ. नियमाप्रमाणे त्याला बाराझची संधी होती. वर्षभर त्याच जागेसाठी तो झगडला आणि त्याची लढत झालीच नाही. त्याचा यात काडीचाही दोष नव्हता. दुसरी किंमत पुढच्या हंगामाने मोजली. १८चे पुन्हा १६ करायचे तर एकाच वर्षात तीन संघ खाली आणि एकच वर, हे ओघानेच आलं. म्हणजे २०२०मध्ये टळलेली शिक्षा २०२१मध्ये व्याजासकट वसूल होणार होती, आणि ती कुणाकडून, हे कुणालाच माहीत नव्हतं.

१८ संघांत नाद्स्तावबाला जागा उरली नाही. हंगाम २१ ऑगस्टला, उशिरा सुरू झाला, ऑक्टोबरमध्ये काही आठवडे पुन्हा बंद पडला, आणि जूनमध्ये युरो स्पर्धा तोंडावर होती. म्हणून सगळ्यांशी दोनदा, ३४ फेऱ्या, बस. गंमत म्हणजे आधीच्या पद्धतीत वरच्या आणि खालच्या गटातल्या संघांना ३५ सामने पडत. १८ संघ असूनही एक सामना कमीच झाला, आणि घर-बाहेरचा हिशोब सगळ्यांना सारखा मिळाला. माझ्या मते त्या काही वर्षांतला सगळ्यात चोख गुणतक्ता हाच. स्लावियाचा अपराजित हंगाम म्हणूनच जास्त वजनाचा वाटतो. त्याच वर्षी हा संघ इंग्लंडच्या लेस्टर आणि स्कॉटलंडच्या रेंजर्सना हरवून युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता, तरी देशात कुणालाही त्याला हरवता आलं नाही.

तळाशी मात्र जुनी थकबाकी निघाली. आदल्या वर्षी त्याच अर्धवट गटात असलेले ओपावा आणि प्रिब्राम खाली गेले. त्यांच्यासोबत तिसरा गेला तो बर्नो, दोनच वर्षांपूर्वी प्रिब्रामकडून बाराझ हरलेला, आणि १८च्या तडजोडीमुळे नुकताच वर आलेला. वर आला फक्त ह्राडेट्स क्रालोवे. २०२१–२२मध्ये १६ संघ परतले, नाद्स्तावबाही परतली, आणि विजेतेपद प्लझेनकडे गेलं.