थकीत एचओए वर्गणीचा बोजा (कॅलिफोर्निया)

कॉन्डो (मालकीचा फ्लॅट), टाउनहाउस (रांगेतले घर) किंवा नियोजित वसाहतीतील मालकाने सामाईक खर्चाची वर्गणी थकवल्यास गृहमालक संघाला, म्हणजे एचओएला, त्याच्या घराच्या नोंदीवर चढवता येणारा बोजा. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कर्जाचा बोजा चढतो, त्याच जातीची ही नोंद. ती काउंटी (जिल्हा) रेकॉर्डरच्या, म्हणजे मिळकतींचे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात होते आणि त्यासाठी कोर्टाचा हुकूम लागत नाही. महाराष्ट्रात सोसायटीला उपनिबंधकाकडे अर्ज करून वसुली दाखला मिळवावा लागतो (पूर्वी कलम 101, 2019 च्या दुरुस्तीनंतर 154ब-29), म्हणजे मागणी खरी की खोटी हे आधी एक सरकारी अधिकारी तपासतो. कॅलिफोर्नियात नोंदीआधी असा तपासणारा कोणी नसतो. म्हणूनच 1985 च्या डेव्हिस-स्टर्लिंग कायद्यात नोटिशींचे आणि मुदतींचे नियम इतके काटेकोर आहेत. सध्या ते दिवाणी संहितेच्या कलम 5650 पासून पुढे आहेत.

संघाला वर्गणीखेरीज जवळपास दुसरे उत्पन्न नसते. चाळीस घरांच्या इमारतीत दरमहा 400 डॉलर वर्गणी असेल आणि चार घरांनी भरणे थांबवले, तर महिन्याला 1,600 डॉलर कमी पडतात. विमा, लिफ्ट, छताची दुरुस्ती यांची बिले मात्र तेवढीच येतात, आणि उरलेल्या छत्तीस घरांना प्रत्येकी सुमारे 44 डॉलर जादा सोसावे लागतात.

वर्गणी देय तारखेनंतर पंधरा दिवसांनी थकीत ठरते. विलंब आकार थकीत वर्गणीच्या 10 टक्के किंवा 10 डॉलर, यांपैकी जे जास्त तेवढ्यापर्यंतच लावता येतो. व्याज देय तारखेनंतर तीस दिवसांनी सुरू होते आणि वर्षाला 12 टक्क्यांपर्यंत लावता येते. संघाच्या घोषणापत्रात (वसाहतीच्या नियमांचा नोंदणीकृत दस्त) याहून कमी दर असेल, तर तोच लागू. मालकाने भरलेला पैसा आधी मूळ वर्गणीत आणि ती फिटल्यावरच दंड, व्याज, वकील यांच्या खात्यात जमा करावा लागतो. फ्लोरिडात कॉन्डोंसाठी हा क्रम उलटा आहे: आधी व्याज, मग विलंब आकार, मग खर्च व वकिलाची फी, शेवटी वर्गणी. तिथे माणूस पैसे भरत राहतो आणि मूळ थकबाकी हलत नाही. या एका बाबतीत कॅलिफोर्नियाचा नियम निःसंशय जास्त न्याय्य आहे.

बोजा चढवण्याआधी किमान तीस दिवस मालकाला सर्टिफाइड टपालाने नोटीस जायला हवी. तीत वर्गणी, विलंब आकार, व्याज आणि वकिलाचा खर्च वेगवेगळे मांडलेले असतात. संघाचे दप्तर पाहण्याचा व संचालक मंडळाला भेटण्याचा हक्क सांगितलेला असतो. आणि कोर्टात न जाताही घर विकले जाऊ शकते, हा इशारा छापील नोटिशीत 14 पॉइंटच्या ठळक अक्षरांत द्यावा लागतो. पैसे एकरकमी देता येत नसतील, तर नोटिशीवरील टपाल शिक्क्यापासून पंधरा दिवसांत हप्त्यांसाठी लेखी भेट मागावी. मग मंडळाला, विनंतीवरील शिक्क्यापासून 45 दिवसांत, भेटावेच लागते. हे पंधरा दिवस बहुतेक जण पाकीट न उघडता घालवतात. घर भाड्याने देऊन पुण्याला परतलेल्यांच्या बाबतीत तर पाकीट भाडेकरूच्या हातात पडते. संघ दरवर्षी पत्ता विचारतो तेव्हा भारतातला दुसरा पत्ता लेखी कळवावा, नोटिशी तिथेही पाठवणे संघावर बंधनकारक होते.

बोजा नोंदवण्याचा निर्णय फक्त संचालक मंडळ घेऊ शकते, तोही खुल्या सभेत बहुमताने आणि इतिवृत्तात नोंदवून. व्यवस्थापन कंपनीवर तो सोपवता येत नाही, आणि चुका नेमक्या इथेच होतात: कंपनी ठरावाशिवायच कागद पुढे पाठवते. नोंदवायच्या कागदावर थकीत रक्कम, मिळकतीचे कायदेशीर वर्णन, नोंदीतील मालकाचे नाव आणि सही हवी, सोबत तपशीलवार हिशेब हवा. विनाकोर्ट विक्री करायची असेल, तर ती विक्री करणाऱ्या ट्रस्टीचे नाव-पत्ताही. नोंदीनंतर दहा दिवसांत प्रत त्या घराच्या सर्व मालकांना जाते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे चुकीच्या पार्किंगचा किंवा परवानगीशिवाय लावलेल्या रंगाचा दंड या रकमेत घुसवणे. अशा शिस्तीच्या दंडासाठी विनाकोर्ट विक्री करता येत नाही. नोटिशीत चूक झाली, तर प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते आणि तो खर्च संघाचा. हे नियम काटेकोरपणे पाळलेच पाहिजेत, असे अपील न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले.

बोज्याचे खरे बळ क्रमात असते. कॅलिफोर्नियात तो नोंदणीच्या तारखेपासून धरला जातो, त्यामुळे घर घेतानाचे बँकेचे गहाण जवळपास नेहमी पुढे राहते. बँकेने जप्ती करून घर विकले की संघाचा बोजा पुसला जातो. जुन्या मालकाकडून वैयक्तिक वसुली उरते, आणि ती बहुधा होत नाही. नेवाडात मात्र नऊ महिन्यांची वर्गणी पहिल्या गहाणाच्याही पुढे असते. 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा बोजा वसूल करण्यासाठी केलेल्या विक्रीने बँकेचे पहिले गहाण नष्ट होते असा निकाल दिला आणि बँका खडबडून जाग्या झाल्या. त्यानंतरच्या वर्षी विधिमंडळाने विक्रीनंतर साठ दिवसांत घर सोडवून घेण्याची मुभा दिली.

घराची विक्री हे टोकाचे पाऊल. मूळ वर्गणी 1,800 डॉलरहून कमी असेल आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त थकलेली नसेल, तर जप्ती करता येत नाही. या 1,800 मध्ये विलंब आकार, व्याज व वकिलाची फी धरायची नाही. जप्तीपूर्वी तंटा सामोपचाराने किंवा मध्यस्थीने सोडवण्याची तयारी संघाला दाखवावी लागते. जप्तीचा ठराव बंद बैठकीत होतो आणि पुढच्या खुल्या सभेच्या इतिवृत्तात मालकाच्या नावाऐवजी मिळकतीचा क्रमांक लिहिला जातो, म्हणजे शेजाऱ्यांत नाचक्की होत नाही. विनाकोर्ट लिलावानंतरही नव्वद दिवस मालकाला घर सोडवता येते. मालकाने दिवाळखोरीचा अर्ज केला, तर वसुली लगेच थांबवावी लागते. आधी रीतसर नोंदवलेला बोजा मात्र सहसा टिकतो.

व्यवहारात पैसे लिलावाविना येतात. मालक घर विकायला किंवा कर्ज बदलायला निघतो, टायटल कंपनीला (मालकी हक्क तपासणारी कंपनी) नोंदीत बोजा दिसतो, आणि एस्क्रोमधून, म्हणजे व्यवहाराचे पैसे तिऱ्हाइताकडे ठेवलेल्या खात्यातून, संघाची रक्कम आधी कापली जाते. पूर्ण पैसे मिळाल्यापासून एकवीस दिवसांत संघाने बोजा उतरवल्याचा दस्त काउंटीत नोंदवून मालकाला कळवायचा असतो. मालकाने हा दस्त पदरात पाडून घ्यावा, कारण तो नोंदला नाही तर पुढच्या खरेदीखताच्या वेळी फिटलेले देणेही थकीत दिसते. बोजा चुकून चढला असेल, तरी मुदत तीच, आणि त्यापोटी आकारलेला सर्व खर्च संघाला परत करावा लागतो.