सेशन्सचा बॉक्स आणि अल्बमांचा बॉक्स: एक घेतला म्हणून दुसरा विकू नका

"कम्प्लीट सेशन्सचा बॉक्स घेतला, आता सुटे अल्बम काढून टाकतोय." जॅझ जमवणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा सविस्तर लिहायलाच हवं. समज असा असतो की सेशन्सच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या बैठकांच्या, मोठ्या बॉक्सच्या (सीडींच्या संचाच्या) पोटात अल्बम आपोआप येतोच, त्यामुळे मोठा हाती आला की धाकट्याचं काम संपलं. जॅझमध्ये हे बऱ्याचदा खरं नसतं. काही फार महत्त्वाच्या रेकॉर्डांच्या बाबतीत तर ते साफ चूक आहे.

अल्बमांचा बॉक्स म्हणजे काय ते सांगण्यात वेळ घालवत नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा कोलंबिया या कंपनीचा २००९ सालचा संच डोळ्यांसमोर आणा: ७० सीडी, प्रत्येक अल्बम आपापल्या छोट्या पुठ्ठ्याच्या जाकिटात, गाण्यांचा क्रम मूळ एलपीचा, फार तर शेवटी काही जादा ट्रॅक. नावात 'कम्प्लीट' आहे, पण अल्बमांपुरतं.

सेशन्सच्या बॉक्सचं मोजमाप वेगळं. तिथे एकक अल्बम नाही, तारीख आहे. अमुक दिवशी, अमुक स्टुडिओत, अमुक वादक बसले आणि टेपवर जे उतरलं ते त्याच क्रमाने तुमच्यापुढे येतं. अल्बमसाठी निवडलेला मास्टर टेक (टेक म्हणजे रचनेचं एकदा केलेलं रेकॉर्डिंग), न निवडलेले अल्टर्नेट टेक, दोन मात्रांत फसलेली सुरुवात, मधलं बोलणं, सगळं. माइल्सच्या दुसऱ्या क्विंटेटचा (पाच जणांच्या बँडचा) १९६५ ते ६८चा सहा सीडींचा बॉक्स असाच आहे. ७ जून १९६७ या एकाच दिवशी 'नेफर्टिटी' आणि 'वॉटर बेबीज' या दोन्ही रचना रेकॉर्ड झाल्या. पहिली १९६८च्या अल्बमवर आली, दुसरी १९७६पर्यंत पडून राहिली. बॉक्समध्ये दोघी आपल्या मूळ तारखेला परततात. या रचना करणारा, क्विंटेटचा सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर त्या उन्हाळ्यात काय लिहीत होता हे समजायला याहून चांगली सोय नाही.

बाकी फरक किरकोळ आहेत. जाकिटं कशी, डबा किती जड, सीडी किती, 'नव्याने रीमास्टर' असा शिक्का आहे की नाही, यावर लोक तासन्‌तास भांडतात आणि मला त्यात काडीचा रस नाही. पुस्तिका मात्र सेशन्सच्या बॉक्सची बहुधा सरस असते. तारखा, टेकचे क्रमांक, कोण कुठल्या ट्रॅकवर आहे आणि कोण नाही, हे त्यात नीट मिळतं. अल्बमांच्या स्वस्त बॉक्समध्ये मागच्या कव्हरचा मजकूर मुंगीच्या अक्षरात छापून ठेवतात, तो वाचायचा म्हणजे शिक्षाच.

आता खरा गोंधळ कुठे होतो ते पाहू. अल्बम हा टेपमधून जसाच्या तसा कापून घेतलेला तुकडा आहे असं लोक धरून चालतात. तो तसा नसतो. टेपवर वाजलेलं असतं, अल्बममध्ये रचलेलं असतं. कधी ही रचना म्हणजे नुसती निवड आणि क्रम, तर कधी कात्री आणि चिकटपट्टी. कात्री लागलेला अल्बम कुठल्याही सेशनमध्ये सापडत नाही, कारण तो तसा कधी वाजलेलाच नसतो.

पियानोवादक थेलोनियस मंकचं 'ब्रिलियंट कॉर्नर्स' घ्या. १५ ऑक्टोबर १९५६ला सनी रॉलिन्स, अर्नी हेन्री, ऑस्कर पेटिफर्ड आणि मॅक्स रोच यांना घेऊन मंक बसला. रचना इतकी अवघड, की पंचवीस प्रयत्नांत एकही टेक सुरुवातीपासून शेवटपर्यंत धड पार पडला नाही. निर्माता ऑरिन कीपन्यूजने वेगवेगळ्या टेकमधले भाग जोडून रचना पूर्ण केली. आपण जे 'ब्रिलियंट कॉर्नर्स' मनात धरून बसलो आहोत, ते त्या दिवशी त्या खोलीत असलेल्या एकानेही सलग ऐकलं नव्हतं. इथे 'खरं सेशन' मागणाऱ्याने नेमकं काय मागायचं?

याहून ठळक उदाहरण माइल्सचं 'इन अ सायलेंट वे'. १८ फेब्रुवारी १९६९चं सेशन, तीन कीबोर्डवाले: हर्बी हॅनकॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल. शिवाय जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार. एलपीच्या दुसऱ्या बाजूला झाविनुलची ती संथ सुरावट येते, मग 'इट्स अबाउट दॅट टाइम'चा लांब पट्टा, आणि शेवटी सुरावट परत येते. अनेकांना वाटतं की वादकांनी ती पुन्हा वाजवली. नाही. सुरुवातीचीच टेप निर्माता टिओ मसेरोने शेवटी पुन्हा जोडली आहे, श्वासापासून श्वासापर्यंत तीच. पहिल्या बाजूच्या 'श्श/पीसफुल'मध्येही तेच तंत्र. म्हणजे ज्या परत येण्यामुळे हा अल्बम आपल्याला वर्तुळासारखा वाटतो, ते परत येणं स्टुडिओत घडलंच नाही. ते संपादनाच्या टेबलावर घडलं.

२००१ साली याच काळातल्या सेशन्सचा तीन सीडींचा बॉक्स आला. त्यात न कापलेले टेक आहेत, आणि झाविनुलच्या सुरावटीची आधीची तालीमही आहे, जिच्यात मूळ कॉर्ड्स अजून शिल्लक आहेत. माइल्सने ते कॉर्ड्स काढून टाकून ती जवळजवळ एका स्वरावर कशी स्थिर केली, हे या तालमीमुळे कानाने कळतं. माझ्या मते त्या बॉक्सचं सगळ्यात मोठं देणं हेच. बॉक्स करणाऱ्यांनी शहाणपणा दाखवून मूळ एलपीच्या दोन्ही बाजूही शेवटी ठेवल्या. सगळे तसं करत नाहीत, म्हणून तर हा लेख.

न करण्याचं उदाहरण म्हणजे 'सेलर डोअर'. वॉशिंग्टनच्या या क्लबमध्ये माइल्सचा बँड १६ ते १९ डिसेंबर १९७०ला वाजवत होता. २००५ साली सहा सीडींचा बॉक्स आला आणि माइल्सचा 'लाइव्ह-ईव्हिल' हा अल्बम विकण्याची लाटच आली. त्या अल्बमचे लांब ट्रॅक शेवटच्या रात्रीचे, आणि ती रात्र बॉक्समध्ये आहे, मग अल्बम कशाला ठेवायचा? ठेवायचा, कारण 'लाइव्ह-ईव्हिल'चा पहिला ट्रॅक 'सिवाद' हा 'डायरेक्शन्स' आणि 'हाँकी टाँक' यांचे तुकडे जोडून तयार केला आहे. बॉक्समध्ये ती दोन गाणी भेटतील, 'सिवाद' भेटणार नाही. 'इनामोराटा'च्या शेवटी येणारं निवेदनही नाही. ब्राझिलियन संगीतकार एर्मेतो पास्कोआलबरोबरचे जे छोटे, धुक्यासारखे स्टुडिओ-तुकडे त्या गदारोळाच्या मध्ये येतात, ते २००३ सालच्या 'जॅक जॉन्सन'च्या पाच सीडींच्या बॉक्समध्ये आहेत. दोन मोठे बॉक्स घेऊनही एक डबल एलपी पूर्ण होत नाही! गदारोळ, मग अचानक शांतता, मग पुन्हा गदारोळ, ही त्या अल्बमची बांधणी आहे आणि ती दुसरीकडे कुठेही नाही.

कात्री लावलेली नसली तरी क्रम आणि निवड हीसुद्धा रचनाच असते, आणि हे पटवून देणं जास्त अवघड जातं. पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाने २५ जून १९६१च्या रविवारी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये पाच सेट वाजवले. अकरा दिवसांनी बेस वाजवणारा स्कॉट लफारो मोटार अपघातात गेला. वय २५. त्यानंतर जो अल्बम बांधला गेला, 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड', तो लफारोच्याच 'ग्लोरियाज स्टेप'ने सुरू होतो आणि त्याच्याच 'जेड व्हिजन्स'ने संपतो. मधली निवडही बेस पुढे येईल अशी. तो अल्बम म्हणजे मित्राला दिलेला निरोप आहे. २००५चा तीन सीडींचा बॉक्स तोच दिवस घड्याळाप्रमाणे मांडतो. सुरुवातीलाच 'ग्लोरियाज स्टेप'चा असा टेक, ज्याच्या मध्येच वीज गेली. तो दिवस जसा गेला तसा ऐकणं हा अनुभव थोर आहेच, त्या दुपारच्या खोलीत कुणालाही पुढचं माहीत नव्हतं. पण निरोप त्यात नाही. दोन्ही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही राहतील.

उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगतो. काही संगीताला मुळात अल्बम नव्हताच. एलपी १९४८ला आली. त्याआधी ७८ आरपीएमची तबकडी, एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास. लुई आर्मस्ट्राँगचे १९२५ ते २८चे हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन, किंवा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची सॅव्हॉय आणि डायल या कंपन्यांसाठीची कामं, हे सगळं एकेक बाजू म्हणून विकलं गेलं. नंतरच्या एलपी कुणीतरी मागाहून जुळवलेल्या. अशा संगीतासाठी 'मूळ अल्बमांचा बॉक्स' घेण्यात काही अर्थ नाही. तारखेचा क्रम हाच तिथला खरा क्रम. आणि पार्करच्या बाबतीत अल्टर्नेट टेक म्हणजे उरलंसुरलं नव्हे, दर वेळी सोलो नवा. २८ मार्च १९४६च्या डायल सेशनमध्ये 'अ नाइट इन ट्युनिशिया'चा एक टेक एकूण जमला नाही, पण त्यातला पार्करचा ब्रेक (बाकीचे थांबले असताना एकट्याने केलेलं वादन) इतका थक्क करणारा होता की तेवढा तुकडाच 'फेमस आल्टो ब्रेक' म्हणून प्रसिद्ध झाला. तो तुकडा त्याच्या सेशनमध्ये, आजूबाजूच्या टेकसकट ऐकण्यातच मजा आहे.

क्लबमधल्या सलग रात्रींचंही तसंच. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने नोव्हेंबर १९६१मध्ये व्हॅनगार्डला जे वाजवलं, त्यातले जेमतेम तीन ट्रॅक १९६२च्या अल्बमवर आले. १९९७च्या चार सीडींच्या बॉक्समध्ये 'इंडिया' आणि 'स्पिरिच्युअल' प्रत्येकी चार वेळा आहेत आणि रात्रीगणिक वादकांची मांडणी बदलते. एरिक डॉल्फी सोबत असताना कोल्ट्रेन काय शोधत होता, ते तीन ट्रॅकांत कळत नाही. माइल्सच्या क्विंटेटचं डिसेंबर १९६५चं शिकागोच्या प्लग्ड निकलमधलं वादन तर मी फक्त बॉक्समधूनच ऐकावं म्हणेन. तेच ते स्टँडर्ड्स (सगळ्यांच्या परिचयाची जुनी गाणी) सेटमागून सेट मोडत जातात आणि मोडण्याची ती वाट सलग ऐकल्याशिवाय दिसत नाही.

एक तक्रार मात्र मनापासून आहे: मास्टर टेकच्या लगेच पाठीमागे त्याच गाण्याचे अल्टर्नेट टेक चिकटवणं. स्टुडिओतल्या सेशन्सच्या बॉक्समध्ये हे सर्रास होतं. एकच धून तीनदा, मध्ये दोन फसलेल्या सुरुवाती. अभ्यासाला ठीक, पण संध्याकाळी ऐकायला बसलेल्या माणसाचा रस तिसऱ्या वेळी आटतो, आणि तो ठरवतो की आपल्याला हा वादकच फारसा आवडत नाही. कोल्ट्रेनच्या अटलांटिक कंपनीसाठीच्या कामाचा १९९५चा सात सीडींचा बॉक्स बघा. तिथे प्रकाशित झालेलं संगीत तारखेच्या क्रमाने आहे आणि तोवर बाहेर न आलेले टेक सातव्या सीडीवर वेगळे. 'जायंट स्टेप्स'चे आधीचे, सीडर वॉल्टन पियानोवर असलेले प्रयत्न ऐकायचेत? ती सीडी लावा. नसतील ऐकायचे, तर कुणी तुमच्या वाटेत येत नाही. सगळ्यांनी असंच करावं.

विकत घेण्याआधी बॉक्सची मागची बाजू किंवा ट्रॅकची यादी नीट वाचा, पुढच्या नावावर जाऊ नका. माइल्सच्या 'बिचेस ब्रू' या अल्बमच्या १९९८च्या चार सीडींच्या बॉक्सच्या नावात 'कम्प्लीट' आणि 'सेशन्स' दोन्ही शब्द आहेत. अल्बम ऑगस्ट १९६९च्या तीन दिवसांचा, बॉक्स मात्र फेब्रुवारी १९७०पर्यंत जातो, आणि त्या तीन दिवसांच्या न कापलेल्या मूळ टेप त्यात नाहीतच. अल्बमचे ट्रॅक संपादित रूपातच आहेत, वर आठ वेगळ्या पट्ट्यांत ध्वनी उतरवलेल्या टेपवरून नव्याने मिक्स केलेले. जुन्या एलपीचा तोल ज्यांच्या कानात बसलाय, त्यांना तो फरक जाणवतो.

यादीत अल्बमांची नावं दिसली तर तो अल्बमांचा बॉक्स. तारखा आणि टेकचे क्रमांक दिसले तर सेशन्सचा. सेशन्सचा असेल तर पुढे एकच गोष्ट तपासा: मूळ अल्बम कात्रीने बनला होता का? नसेल, तर बॉक्समधले मास्टर टेक निवडून मूळ क्रमाची यादी प्लेयरवर करून ठेवता येते. 'नेफर्टिटी' अशी सहज परत उभी राहते. यादी करायला काही मिनिटं लागतात, आणि ती केल्याशिवाय सुटी सीडी विकू नका. कात्रीने बनला असेल आणि एलपीची आवृत्ती बॉक्समध्ये वेगळी दिलेली नसेल, तर अल्बम ठेवायचाच.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी अल्बम घ्यावा. तो इतका पाठ होऊ द्यावा की पुढचा ट्रॅक सुरू होण्याआधी त्याचा पहिला स्वर मनात वाजेल. मग सेशन्सचा बॉक्स. तेव्हा न निवडलेला टेक ऐकताना तो का निवडला नाही हे आपलं आपल्याला कळू लागतं, आणि कधीकधी निर्मात्याशी कडाडून भांडावंसं वाटतं.