हायफाय स्पीकर आणि खोली यांचा मेळ

घरात संगीत ऐकण्यासाठी स्पीकर निवडताना आणि मांडताना खोलीची मापे, भिंती-फरशीचा प्रकार व ऐकणाऱ्याची बसण्याची जागा यांचा एकत्र विचार करण्याची पद्धत. फ्लॅटमधल्या हॉलएवढ्या खोलीत साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या खाली कानावर जे पडते, ते स्पीकरपेक्षा खोलीनेच अधिक घडवलेले असते. म्हणून टेप घेऊन आधी खोली मोजावी आणि मग पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराकडे किंवा शोरूमकडे वळावे.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खालचे स्वर पुढे-मागे आदळून स्थिर तरंग तयार होतात. ध्वनीच्या वेगाला (सुमारे ३४३ मीटर प्रतिसेकंद) भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागले की अशा पहिल्या तरंगाची कंप्रता मिळते. तिच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतांनाही तरंग उभे राहतात. १० × १६ फूट आणि साडेनऊ फूट उंचीचा हॉल घेतला, तर लांबीमुळे ३५ व ७० हर्ट्झ, रुंदीमुळे ५६ आणि उंचीमुळे ५९ हर्ट्झ येतात. ५६ आणि ५९ इतके जवळ आहेत की त्या पट्ट्यातला घुमारा साचतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखीच १० फूट असलेली चौरस बेडरूम याहून वाईट, कारण तिन्ही तरंग ५६ हर्ट्झवरच येऊन पडतात. घरात निवडीला वाव असेल, तर संगीतासाठी चौरस खोली घेऊ नये.

यातला ७० हर्ट्झचा तरंग पुण्याच्या श्रोत्याला विशेष जाणवेल. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरणाऱ्या या शहरात अनेक घरांत हायफायवर प्रामुख्याने शास्त्रीय गायन लागते. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात) गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तर तंबोऱ्याच्या खरजाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. तंबोऱ्याचे सौंदर्य जवारीत, म्हणजे वरच्या आंदोलनांत आहे. खोलीने खालचा भाग फुगवला की जवारी झाकली जाते आणि डग्ग्याची घीस (तळहात घासून काढलेला घसरता नाद) स्वतंत्र न उमटता नुसती गुरगुर ऐकू येते. १६ फुटांच्या हॉलमध्ये हा तरंग दोन्ही टोकांच्या भिंतींशी आणि बरोबर मध्यावर जोरदार असतो, तर भिंतीपासून ४ फुटांवर तो जवळजवळ नाहीसा होतो. फ्लॅटमध्ये सोफा सहसा भिंतीला टेकलेला असतो, म्हणजे नेमक्या घुमाऱ्यात. तो दीड-दोन फूट पुढे ओढला, तरी खरज बराच आटोक्यात येतो. या बदलाला एक पैसाही लागत नाही आणि महागड्या केबलपेक्षा त्याचा परिणाम कितीतरी मोठा असतो.

परदेशी परीक्षणे वाचून स्पीकर निवडताना बांधकामातला फरक ध्यानात घ्यावा. अमेरिकेतली बरीच घरे लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकून बांधलेली असतात. असे पातळ बोर्ड खालच्या स्वरांबरोबर स्वतः हलतात आणि त्यांची ऊर्जा शोषतात. आपल्याकडची विटांची भिंत व काँक्रीटचा स्लॅब हलत नाही, त्यामुळे बास खोलीतच राहतो. तिथे ‘नेमका बास’ म्हणून वाखाणलेला उंच, जमिनीवर उभा राहणारा स्पीकर कोथरूडच्या हॉलमध्ये म्हणूनच जड वाटू शकतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांत, जिथे लाकडी तक्तपोशी अजून टिकून आहे, तिथे तोच स्पीकर अधिक मोकळा वाजू शकतो.

भिंत स्वतःही बास वाढवते. स्पीकर भिंतीला चिकटला की खालच्या स्वरांत ६ डेसिबलपर्यंत भर पडू शकते. कोपऱ्यात ती आणखी वाढते. हॉलमध्ये स्पीकर पुढे आणायला जागा नसेल, तर मागे छिद्र असलेला पोर्टेड स्पीकर टाळून छोटा बंद पेटीचा घ्यावा. बंद पेटीचा बास खाली हळूहळू उतरतो, सप्तकाला सुमारे १२ डेसिबलने, आणि ही उतरण छोट्या खोलीकडून होणाऱ्या वाढीशी छान जुळते. पोर्टेडचा बास २४ डेसिबलने उतरतो. पण तिथवर तो भरपूर असतो आणि छोट्या खोलीला तेवढा पेलत नाही.

मधले व वरचे स्वर फरशी-पडद्यांवर अवलंबून असतात. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून एका व्याख्यानगृहात बैठकीच्या गाद्या आत-बाहेर करून निनाद किती वेळ टिकतो ते मोजले आणि त्यातून सूत्र बसवले : घनफळ (घनमीटर) गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (सर्व पृष्ठभागांचे चौरस मीटर गुणिले शोषणाचे सरासरी प्रमाण). वरच्या हॉलचे घनफळ सुमारे ४३ घनमीटर. व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेची सरकती दारे आणि उघड्या भिंती मिळून सरासरी ३ टक्के ध्वनी शोषत असतील, तर निनाद ३ सेकंद टिकतो आणि गायकाच्या तानेतले स्वर एकमेकांत मिसळतात. सोफा, सतरंजी, जाड पडदे व पुस्तकांची मांडणी यांनी सरासरी १५ टक्क्यांवर नेली की तो सुमारे ०.६ सेकंदावर येतो. गादी-लोडांची बैठक हे काम उत्तम करते. बाल्कनीचे दार उघडे ठेवले की तेवढ्या जागेतून ध्वनी परतत नाही, म्हणून दार लावून घेतलेल्या पावसाळ्यात तीच जोडी वेगळी वाजते. स्पीकरची जागा ठरवण्याआधी दोन्ही स्थितींत ऐकून पाहावे.

ॲम्प्लिफायरमधल्या खोली-दुरुस्तीच्या सोयीने फुगलेला स्वर कापता येतो. जिथे तरंग एकमेकांना खोडतात, तिथला खड्डा मात्र तिने भरत नाही : जास्त शक्ती ओतली तरी खोडणारा तरंगही तेवढाच वाढतो. तिथे स्पीकर किंवा खुर्ची हलवावी लागते.